निसर्गावरील देवाच्या सत्तेची वचने कशी अभ्यासावीत : जिरायती मुलखातील अभ्यासवर्गासाठी

पाऊस, वारा, समुद्र, गारा, टोळ आणि पशुपक्षी यांच्यावर देवाची सत्ता आहे असे सांगणारी वचने पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, इतक्या ठिकाणी विखुरलेली आहेत, की एखाद्या अभ्यासवर्गाने हा विषय घ्यायचे ठरवले तर पहिल्याच बैठकीत पन्नासएक वचनांची यादी हातात पडते आणि शेवटच्या बैठकीपर्यंत ती यादीच राहते. प्रत्येक वचन वाचून ‘देव सर्वसमर्थ आहे’ असे म्हणायचे आणि पुढच्या वचनाकडे जायचे, ही पद्धत चुकीची म्हणता येणार नाही; परंतु तिच्यातून ईयोबाच्या पुस्तकातील पाऊस आणि एलीया संदेष्ट्याच्या वेळचा पाऊस यांत फरक काय, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सोलापुरात असा वर्ग चालवताना मी स्वतः ज्या चुका केल्या आणि ज्या पद्धतीने त्या हळूहळू सुधारल्या, ती पद्धत येथे मांडत आहे.

पहिली चूक पावसाचीच होती. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात देव आपल्या लोकांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ पाऊस देण्याचे वचन देतो. मराठी भाषांतरातील हे शब्द ओळखीचे असल्यामुळे मी ते न थांबता वाचून पुढे गेलो. वर्गात मंगळवेढ्याकडच्या एका गावातून आलेल्या आजी होत्या. त्यांनी विचारले, “भाऊ, वळीव तर मिरगाच्या आधी येतो, मग इथं तो मागून का आला?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे वळीव चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात, ढगांच्या गडगडाटासह येतो आणि पावसाळ्याची आगोट त्यानंतर असते. शास्त्रात मात्र आगोटीचा पाऊस आधी आणि वळवाचा नंतर, आणि तोही पीक हाताशी आल्यावर. भाषांतरकारांनी जवळचे शब्द निवडले हे योग्यच केले, पण शब्द जवळचा असला की वाचणाऱ्याला आपल्याच आभाळाखाली उभे असल्याचा भास होतो. म्हणून अभ्यासाची सुरुवात वचनांपासून न करता हंगामापासून करावी, असे मी आता सुचवतो.

दोन मुलखांचे हंगाम एका कागदावर

साहित्य फार लागत नाही. नेहमीच्या वाचनातील पवित्र शास्त्राबरोबर सोप्या मराठीतील एखादे भाषांतर, मागच्या पानांवर नकाशे असलेली एक प्रत, एक वही आणि भिंतीवर लावता येईल असा मोठा कागद एवढे पुरे. आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी माणसे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असतातच. त्यांना आपापल्या भाषेतील प्रत आणण्यास आवर्जून सांगावे, कारण पाऊस, दहिवर आणि वावटळ यांसाठी त्या भाषांनी कोणता शब्द निवडला आहे हे ऐकताना अर्थाच्या कडा स्पष्ट होतात. बैठका पंधरा दिवसांतून एक, याप्रमाणे सहा किंवा सात ठेवाव्यात आणि पहिली बैठक सप्टेंबरच्या शेवटी, हस्ताच्या पावसाच्या सुमारास घ्यावी. या तारखेला कारण आहे, ते कागद तयार होताना आपोआप कळते.

कागदावर बारा महिने आडवे लिहावेत. वरच्या ओळीत आपल्या जिल्ह्याचा हंगाम भरावा आणि तो शेती केलेल्या माणसांकडूनच भरून घ्यावा. मृगाचा पाऊस, मधली उघडीप, सप्टेंबरमधील परतीचा जोर, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर होणारी शाळूची पेरणी, थंडीत केवळ जमिनीतील ओलाव्यावर आणि सकाळच्या दहिवरावर वाढणारे ताट, गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे येणारा हुरडा, आणि फेब्रुवारी-मार्चमधील काढणी. खालच्या ओळीत इस्राएलाच्या भूमीचा हंगाम. तेथे पाऊस साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणारा पहिला पाऊस उन्हाने घट्ट झालेली जमीन नांगरण्याजोगी करतो, तोच शास्त्रातील आगोटीचा. मार्च-एप्रिलमधील शेवटचा पाऊस सातू आणि गहू यांचे दाणे भरतो, तोच तेथला वळवाचा. १९०८ मध्ये गेझेर येथील उत्खननात चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली, इ.स.पू. दहाव्या शतकातील या पाटीवर शेतीची कामे महिन्यांनुसार कोरलेली आहेत. दोन महिने पिके गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन मागास पेरणीचे, एक जवसाचा, एक सातूच्या कापणीचा, आणि असे करत वर्ष पूर्ण होते. कागदाच्या खालच्या ओळीखाली ही कामे लिहिली म्हणजे शलमोन राजाच्या काळाच्या आसपासचा शेतकरी कोणत्या महिन्यात आभाळाकडे पाहत होता ते दिसते.

दोन ओळी शेजारी आल्या की एक गोष्ट लक्षात येते आणि माझ्या मते ती या संपूर्ण अभ्यासाची किल्ली आहे. कोकणातील भातशेती करणाऱ्या वाचकापेक्षा सोलापूरचा शाळू पेरणारा वाचक बायबलमधील शेतकऱ्याच्या कितीतरी जवळ आहे. यरुशलेमला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या जिल्ह्याची सरासरीही त्याच्या आसपासचीच आहे. तेथेही पेरणी शरद ऋतूत, पीक हिवाळ्यात आणि घास एखाद-दुसऱ्या पावसावर अवलंबून. दहिवर हा शब्द आपण कवितेत वाचतो, पण एलीया अहाब राजासमोर ‘पाऊस पडणार नाही’ एवढेच न म्हणता ‘दहिवरही पडणार नाही’ असे का म्हणतो, हे रब्बीचे पीक पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत आणि ते लाल पेनाने लिहावेत. १ शमुवेल १२ मध्ये गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शमुवेल परमेश्वराला हाक मारतो, मेघगर्जना होऊन पाऊस पडतो आणि लोक घाबरून जातात. सोलापूरचा वाचक येथे घाबरत नाही, तो हळहळतो, कारण काढणीच्या वेळी येणारी अवकाळी त्याने पाहिलेली असते. तेथे मात्र मे महिन्याच्या सुमारास पाऊस ही जवळजवळ न घडणारी गोष्ट होती. नीतिसूत्रे २६ मध्ये कापणीतील पाऊस हा विसंगतीचा नमुना म्हणूनच दिला आहे. वाऱ्याचेही तसेच. तेथे पाऊस पश्चिमेकडील समुद्रावरून येतो आणि पूर्वेचा वारा वाळवंटातून येऊन पीक करपवतो. निर्गमाच्या पुस्तकात टोळ आणणारा आणि योना संदेष्ट्याला भोवळ येईपर्यंत तापवणारा वारा पूर्वेचाच आहे. लूक १२ मध्ये येशू लोकांना म्हणतो की पश्चिमेस ढग दिसला की तुम्ही लगेच पावसाचा अंदाज सांगता. हे वाक्य कागदावरील खालच्या ओळीत बोट ठेवून वाचावे.

चार रकाने

हंगामाचा कागद भिंतीवर लागला की प्रत्येक उताऱ्यासाठी वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात निसर्गातील वस्तू किंवा प्राणी लिहावा. दुसऱ्यात देव तिच्याबाबत काय करतो ते क्रियापद, शक्यतो शास्त्रातील शब्दांतच लिहावे. तिसऱ्यात ती कृती कोणापर्यंत पोहोचते, म्हणजे तिचा लाभ किंवा मार कोणाला बसतो, ते. चौथा रकाना वर्गातील बहुतेकांना सुरुवातीला विचित्र वाटतो: हा उतारा काय सांगत नाही? पहिले तीन रकाने कोणीही भरू शकतो. चौथा भरायला वेळ लागतो, आणि उपदेशात आपण जे पदरचे घालतो ते नेमके तेथेच उघडे पडते.

सरावासाठी अनुवाद ११:१०-१२ घ्यावे. मिसर देशात (इजिप्तमध्ये) तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्याप्रमाणे पायाने पाणी देत होता, पण ज्या देशात तुम्ही जात आहात तो डोंगरखोऱ्यांचा असून आकाशातील पावसाचे पाणी पितो, असे मोशे लोकांना सांगतो. ‘पायाने पाणी देणे’ म्हणजे काय, हे विचारल्यावर आमच्या वर्गातील एका गृहस्थांनी उभे राहून दाखवले: उसाला दारे धरताना एका सरीत पाणी पुरेसे झाले की टाचेने माती ओढून तिचे तोंड बंद करायचे आणि पुढच्या सरीचे उघडायचे. शब्दांचा नेमका अर्थ हाच असावा, असे अनेक अभ्यासकही मानतात. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी ज्यांच्या शेतात आले ते आणि ज्यांच्या शेतात कधीच आले नाही ते, असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्या मंडळीत शेजारी बसतात. त्यामुळे हा उतारा वाचताना थोडी कुजबुज होते आणि ती होऊ द्यावी. दुसऱ्या रकान्यात ‘काळजी घेतो’ आणि ‘दृष्टी ठेवतो’ ही क्रियापदे येतील. चौथ्या रकान्यात आम्ही लिहिले: कालव्याचे पाणी पापाचे आहे असे येथे म्हटलेले नाही. जिरायती जमीन बागायतीपेक्षा सोपी आहे असेही म्हटलेले नाही. माणसाचे लक्ष पाटाकडून आभाळाकडे वळवले आहे, एवढेच.

या सरावानंतर स्तोत्र १०४ घ्यावे आणि त्याला एक संपूर्ण बैठक द्यावी. पस्तीस वचनांच्या या स्तोत्रात क्रियापदांची रेलचेल आहे. देव झरे सोडतो, गवत उगवतो, लबानोनाचे गंधसरू लावतो, ऋतूंसाठी चंद्र नेमतो. वर्गाने क्रियापदांखाली रेघ मारावी आणि मग तिसऱ्या रकान्यात कोण कोण येते ते मोजावे. रानगाढवे, पक्षी, रानबकरे, सिंहाचे छावे. माणूस या रांगेत आहे, पण रांगेच्या मध्यभागी नाही. तेविसाव्या वचनात माणूस संध्याकाळपर्यंत आपल्या कामावर जातो आणि रात्रीची पाळी सिंहांची असते. गिरणीत तिन्ही पाळ्यांत काम केलेल्या घरांतील लोकांना ही ओळ लगेच भावते. उत्पत्तीचा पहिला अध्याय शेजारी उघडून ठेवला तर प्रकाश, पाणी, जमीन, वनस्पती, चंद्रसूर्य असा दोन्हींचा क्रम बराचसा जुळतो, हेही दाखवावे. मात्र त्यावर फार वेळ घालवू नये.

योनाचे पुस्तक याच पद्धतीने अर्ध्या तासात होते. मूळ इब्री भाषेत ‘नेमले’ या अर्थाचे एकच क्रियापद तेथे चार वेळा येते: मोठा मासा, सावलीचे झाड, ते कुरतडणारा किडा आणि पूर्वेचा झळईचा वारा. सगळ्यांनी आज्ञा पाळली, संदेष्ट्याने तेवढी टाळली. वर्गात या ठिकाणी हसू येते. ते योग्य ठिकाणचे हसू आहे.

एलीया आणि दुष्काळ

१ राजे १७ आणि १८ हे दोन अध्याय आपल्या भागात घाईने शिकवू नयेत. आधी पार्श्वभूमी सांगावी. अहाबाची राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी होती आणि तिने आणलेला बआल हा वादळाचा, पावसाचा आणि पिकाचा देव मानला जाई. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शमरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारीत या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत बआलाला ‘मेघांवर स्वारी करणारा’ म्हटले आहे. म्हणजे एलीयाने पाऊस थांबल्याची घोषणा केली, ते बआलाच्या म्हटल्या जाणाऱ्या अधिकारालाच दिलेले आव्हान होते. आणि पुढे देव एलीयाला विधवेकडे पाठवतो ते सारफथ गाव सीदोनचे, म्हणजे बआलाच्या अंगणातले. तेथे पीठ आणि तेल पुरते. भूगोल लक्षात घेतला नाही तर कथेचा अर्धा अर्थ हातातून जातो. म्हणून नकाशावर, एलीया आधी जेथे लपला होता त्या करीथ ओहोळाकडून सारफथपर्यंत बोट फिरवून दाखवावे.

आता रकाने. ओहोळ आटतो, आणि तो कोणासाठी आटतो? एलीयासाठीही. ज्याच्या शब्दावर दुष्काळ पडला, त्याचेच पाणी संपले. ही नोंद तिसऱ्या रकान्यात ठळक अक्षरांत करावी, कारण भक्तिमान माणसाच्या विहिरीला पाणी राहते अशी समजूत अनेकांच्या मनात असते आणि ती येथे टिकत नाही. अठराव्या अध्यायात अहाब ओबद्याला म्हणतो की देशातील झरे आणि ओहोळ हिंडून पाहा, घोडी आणि खेचरे जगवण्यापुरते गवत कोठे मिळते काय. चारा छावणीच्या रांगेत जनावर घेऊन उभे राहिलेल्या माणसाला हे वचन वाचायला द्यावे. मी एकदा तसे केले. ते गृहस्थ वाचून झाल्यावर काही वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले की राजाला माणसांआधी घोडी आठवली. येथे शास्त्राच्या लेखकाने अहाबावर टीकेचा एकही शब्द लिहिलेला नाही; त्याने फक्त राजा कशाच्या शोधात होता ते लिहिले.

कर्मेल डोंगरावरील अग्नीचा प्रसंग सर्वांना पाठ असतो, म्हणून तो वाचून पुढे जावे आणि त्यानंतर काय घडते त्यावर थांबावे. पाऊस देण्याचे वचन देवाने आधीच दिलेले आहे. तरीही एलीया जमिनीपर्यंत वाकून, तोंड गुडघ्यांत घालून बसतो आणि चाकराला समुद्राकडे पाहायला सात वेळा पाठवतो. सहा वेळा काहीच दिसत नाही. सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो, आणि तो पश्चिमेस, समुद्रावर. भिंतीवरील कागदाकडे पुन्हा एकदा पाहावे. देव सर्वसत्ताधीश असेल तर प्रार्थना कशाला, हा प्रश्न दर वर्गात कोणीतरी विचारतोच. त्याला लांबलचक उत्तर देण्यापेक्षा त्याच माणसाला या सात फेऱ्या मोठ्याने वाचायला सांगावे. वचन आणि प्रार्थना यांचा हिशेब लेखक मांडत नाही. तो दोन्ही एकाच अध्यायात ठेवतो. पुढच्याच अध्यायात होरेब डोंगरावर प्रचंड वारा, भूकंप आणि अग्नी येतात, आणि परमेश्वर त्यांत नव्हता असे तीन वेळा सांगितले जाते. वाऱ्यावर ज्याची सत्ता आहे तो म्हणजे वारा नव्हे, हा भेद येथे करून द्यावा. आपल्या आसपास निसर्गालाच देव मानण्याची परंपरा मोठी आहे. तिच्यावर टीका न करताही हा फरक स्पष्ट सांगता येतो, आणि शेजाऱ्यांविषयी बोलताना आवाज खाली ठेवावा, हे वर्गप्रमुखाने स्वतःला बजावावे.

ईयोबाला विचारलेले प्रश्न आणि सरोवरावरील रात्र

ईयोब ३८ ते ४१ मध्ये देव आपत्तींनी ग्रासलेल्या ईयोबाशी वावटळीतून बोलतो आणि उत्तरे देण्याऐवजी प्रश्न विचारतो. हे अध्याय समजावून सांगू नयेत, आळीपाळीने वाचावेत. एक प्रश्न एका वाचकाने. पावसाला बाप आहे काय? गारांची भांडारे तू पाहिलीस काय? त्यातील ३८:२५-२७ येथे मात्र थांबावे. जेथे माणूस राहत नाही अशा ओसाड रानावर देव पाऊस पाडतो, असे तेथे म्हटले आहे. आपल्यासारख्या भागात पावसाचा प्रत्येक थेंब पिकाच्या हिशेबाने मोजला जातो. कोणाच्याही पिकाला उपयोगी नसलेला पाऊस देव पाडतो, ही कल्पना पचायला वेळ लागतो. एकोणचाळिसाव्या अध्यायात शहामृगी आपली अंडी उघड्या जमिनीवर टाकते, असे वर्णन आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य पाहिलेल्यांना येथे आपोआप माळढोकाची आठवण होते, कारण तोही बहुधा एकच अंडे माळावर उघड्यावर घालतो. ज्या माळावर एकेकाळी हा पक्षी हमखास दिसे तेथे आता तो दिसणे दुर्मीळ झाले आहे, आणि ईयोबाला विचारलेले प्रश्न आज कोणी आपल्याला विचारले तर काय सांगायचे, असे एका शाळकरी मुलीने विचारले होते. त्या दिवशी आम्ही ठरवलेला उतारा पूर्ण केला नाही. त्याऐवजी उत्पत्ती २:१५ वाचले, जेथे माणसाला बागेची मशागत आणि राखण सोपवली आहे, आणि अनुवाद २०:१९, जेथे वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडे तोडण्यास मनाई आहे.

नव्या करारात मार्क ४:३५-४१ हा मुख्य उतारा धरावा. गालील समुद्र हे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली असून भोवतालच्या उंच टेकड्यांतून थंड वारा अचानक खाली उतरतो, तेव्हा तेथे थोड्याच वेळात वादळ उठते. सोबतच्या शिष्यांपैकी काही जण याच पाण्यावर मासेमारी करून वाढलेले होते. तेही घाबरले यावरून वादळाचा अंदाज येतो. येशू वाऱ्याला धमकावतो आणि समुद्राला गप्प राहण्यास सांगतो. येथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मुसके बांधणे असा आहे. तोच शब्द मार्काच्या पहिल्या अध्यायात अशुद्ध आत्म्याला गप्प करताना येतो, आणि मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये ही आज्ञा तीमथ्याच्या पहिल्या पत्रात उद्धृत होते तेथेही तेच क्रियापद आहे. खळ्यावर पाती धरलेली ज्यांना आठवते त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच काथ्याची जाळी आणि बैलाचे तोंड येते. उसळलेल्या पाण्याच्या तोंडाला मुसके: चित्र इतके घरगुती आहे की ते दाखवल्यावर मी मुद्दाम काही बोलत नाही. त्यानंतर स्तोत्र १०७:२३-३० वाचावे. वादळ शमवणे हे तेथे परमेश्वराचे काम आहे, आणि म्हणूनच वादळ थांबल्यावर शिष्यांची भीती कमी न होता वाढते. ‘हा आहे तरी कोण’ हा त्यांचा प्रश्न मार्क तेथेच सोडून देतो; आपणही घाईने उत्तर देऊ नये.

चौथा रकाना जेथे सर्वांत जास्त लागतो

या विषयावरील वर्ग चांगला चालला की धोका वाढतो, असा माझा अनुभव आहे. निसर्गावर देवाची सत्ता आहे हे पटले की पुढची पायरी म्हणून लोक विचारतात: मग अमक्या गावात पूर का आला, तमक्याच्या द्राक्षबागेवरच गारा का पडल्या? ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन शेते वाहून गेली, त्यानंतर एका प्रार्थनासभेत कोणीतरी हे त्या गावांच्या पापाचे फळ असल्याचे बोलून गेले, आणि त्या गावातीलच एक कुटुंब मागच्या सतरंजीवर बसलेले होते. मी तेथे होतो आणि मी काही बोललो नाही. ती माझी चूक होती, आणि तेव्हापासून हा भाग मी प्रत्येक वर्गात घेतो.

आमोस ४:७ पासून सुरुवात करावी. एका नगरावर पाऊस पाडला आणि दुसऱ्यावर पाडला नाही, असे तेथे देव म्हणतो. एका शिवारात सरी आणि बांधापलीकडे धूळ हे दृश्य आपल्याला नवे नाही. हा इशारा होता हे आमोस स्पष्ट सांगतो, ते नाकारू नये. परंतु चौथ्या रकान्यात लिहावे की हे शब्द देवाच्या नावाने बोलणाऱ्या संदेष्ट्याचे, ठरावीक लोकांसाठीचे आहेत; कोरडे शिवार पाहून त्याच्या मालकाचे पाप ओळखावे अशी रीत येथे शिकवलेली नाही. नंतर निर्गम ९:३१-३२ वाचावे. मिसरात गारा पडल्या तेव्हा सातू कणसांत आणि जवस फुलोऱ्यात असल्यामुळे त्यांची नासाडी झाली, गहू मात्र मागास असल्यामुळे वाचला. देवाच्या कोपाचे वर्णन करतानाही लेखक पिकाची अवस्था नोंदवतो, आणि कोणत्या पिकाचे किती गेले याचे कारण त्याच्या वाढीत शोधतो. पंचनाम्याची भाषा यापेक्षा वेगळी नसते. कारण निसर्गातले आणि सत्ता देवाची, या दोन गोष्टी त्याला एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत; हवामान खात्याचा अंदाज ऐकणे हा अविश्वास आहे असे मानणाऱ्यांना हा उतारा दाखवावा.

मग ईयोबाचे मित्र. आपत्ती पाहून पापाचे अनुमान काढण्याचे काम त्यांनी अनेक अध्याय केले, आणि ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर संतापतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख करून येशू विचारतो की ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय. आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. मत्तय ५:४५ मध्ये ऊन आणि पाऊस चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखेच पडतात. हे तीन उतारे एकाच बैठकीत, याच क्रमाने घ्यावेत. पूरग्रस्त किंवा दुष्काळग्रस्त कुटुंब वर्गात असेल तर त्या दिवशी त्यांना काही वाचायला किंवा साक्ष द्यायला सांगू नये. त्यांना वाटले तर ते बोलतील. बैठकीनंतर त्यांच्या घरी जाणे मात्र टाळू नये, आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये.

यहोशवा १० मधील थांबलेला सूर्य, अलीशाचे चमत्कार, प्रकटीकरणातील संकटे हे सर्व या सात बैठकांत बसत नाही. कोणी आग्रह धरला तर घरी रकाने भरून आणायला सांगावे.

शेवटची बैठक, जमल्यास, डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीस कोणाच्या तरी शेतावर घ्यावी. हुरड्याची आगटी पेटलेली असते, मुले चटणीच्या वाटीभोवती असतात, त्यामुळे फार वेळ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. स्तोत्र ६५:९-१३ एवढेच वाचावे. देव भूमीची भेट घेऊन तिला पाणी देतो, तिचे तास भिजवतो, तिची ढेकळे विरघळवतो, सरींनी तिला मऊ करतो. काळ्या रानातले एक वाळलेले ढेकूळ आणून त्यावर तांब्याने थोडे पाणी ओतावे. कडा आधी काळ्या पडतात, मग ते आवाज न करता आतून उकलत जाते, आणि मुले ते पाहायला गोळा होतात. त्यानंतर रकाने भरावेत. आमच्या वर्गाच्या वहीत या स्तोत्राच्या चौथ्या रकान्यात मंगळवेढ्याकडच्या त्याच आजींनी सांगितलेले वाक्य आहे: पुढच्या सालाचा पाऊस यात सांगितलेला नाही.

भिंतीवरचा हंगामाचा कागद गुंडाळून जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्गाला तो दाखवता येतो. रकान्यांच्या वह्या मात्र पुढच्या वर्गाला देऊ नयेत. त्यांना कोऱ्या आखून द्याव्यात.